टीम विकत घेता येते, मूळ विकत घेता येत नाही

आयपीएलची एखादी टीम विकली जाणार अशी बातमी आली की आमच्या चौकात दोन दिवस आकड्यांचीच चर्चा. परवा असंच चाललं होतं आणि एका कॉलेजच्या पोराने मध्येच विचारलं, "सर, मालक बदलला तर टीम कुणाची राहते?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर एक लांबची गोष्ट आठवली, ती लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

मध्य अमेरिकेत कोस्टारिका नावाचा देश आहे. लोकसंख्या आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी. तिथल्या राजधानीत, सान होसेमध्ये, 16 जुलै 1935 ला बेतो फर्नांदेस नावाच्या चप्पल-बूट शिवणाऱ्या कारागिराने पोरांची एक फुटबॉल टीम उभी केली. टीमला कपडे हवे होते, पैसे नव्हते. तेव्हा ते रिकार्दो साप्रिसा यांच्याकडे गेले.

हे साप्रिसा जन्माने साल्वादोरचे, घराणं स्पेनमधल्या कातालोनियाचं. स्वतः खेळाडू माणूस. 1924 च्या ऑलिंपिकमध्ये स्पेनकडून टेनिस खेळलेले. कोस्टारिकात त्यांचा कापडाचा धंदा होता. त्यांनी पोरांना जर्सी दिल्या आणि पोरांनी टीमला त्यांचं नाव दिलं. क्लबचा रंग जांभळा. लाल आणि निळा धागा एकत्र विणला गेला आणि हा रंग आला, असं तिकडे सांगतात.

खालच्या डिव्हिजनमधून वर चढत साप्रिसा 1949 ला पहिल्या डिव्हिजनमध्ये आला. 1952 ला पहिलं विजेतेपद. 1959 ला ही टीम चक्क जगाच्या दौऱ्यावर गेली, देशोदेशी सामने खेळून आली. 1972 ला तिबास इथे स्वतःचं स्टेडियम झालं. त्याला लोक 'राक्षसाची गुहा' म्हणतात, कारण क्लबचं टोपणनाव 'जांभळा राक्षस'. त्याच वर्षापासून 1977 पर्यंत सलग सहा वेळा लीग जिंकली.

आता मुद्द्याचं.

2003 ला क्लब आर्थिक अडचणीत असताना मेक्सिकोचे उद्योगपती होर्हे व्हेर्गारा यांनी तो विकत घेतला. मेक्सिकोतला चिवास हा प्रसिद्ध क्लब आधीच त्यांच्याकडे होता. म्हणजे बुटाच्या कारागिराने उभी केलेली टीम परदेशी मालकाच्या हातात गेली. लोकांना काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा.

पण इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या मालकाच्या काळात क्लब बुडाला नाही. 2005 ला त्यांनी मेक्सिकोच्या पुमासला हरवून उत्तर आणि मध्य अमेरिकेचं क्लब विजेतेपद मिळवलं. डिसेंबरमध्ये जपानला क्लब वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळले. सिडनीला 1-0 ने हरवलं, लिव्हरपूलकडून 3-0 ने हरले आणि सौदीच्या अल-इत्तिहादला 3-2 ने हरवून जगात तिसरे आले. त्या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांत रोनाल्ड गोमेसने फ्री-किकवर विजयी गोल केला. तेव्हा बाहेरचा पैसा वाईटच असतो, असं मी म्हणणार नाही.

मात्र याच व्हेर्गारांनी त्याच सुमारास आणखी एक क्लब काढला, अमेरिकेत लॉस एंजेलिसला. नाव 'चिवास यूएसए'. नाव मेक्सिकोहून आणलेलं, जर्सीचा रंग मेक्सिकोहून आणलेला, मैदान दुसऱ्या क्लबसोबत वाटून घेतलेलं. 2005 ला खेळायला सुरुवात, 2014 ला कायमचा बंद. दहा सीझनमध्ये खेळ खलास.

आणि साप्रिसा? 2011 ला व्हेर्गारांनी तो कोस्टारिकातल्याच गुंतवणूकदारांना विकला आणि बाजूला झाले. क्लब आजही तिथेच, त्याच नावाने, त्याच रंगात, त्याच गुहेत खेळतो.

मालक एकच, क्लब दोन. एक टिकला, एक संपला. माझ्या मते फरक इतकाच, की साप्रिसा व्हेर्गारांच्या आधी 68 वर्षं लोकांचा होता. बापाने पोराला खांद्यावर बसवून मॅचला नेलं, त्या पोराने पुढे आपल्या पोराला नेलं. जागा स्वतःची, नाव स्वतःचं. खालून पोरंही तयार होत राहिली. रेआल माद्रिदला गेलेला गोलकीपर केलोर नव्हास याच क्लबात घडला. हे सगळं शेअरच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

आपल्याकडची आठवण करून देतो. मुंबईची महिंद्रा युनायटेड 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेली टीम. 2010 ला कंपनीने ठरवलं, यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचं, आणि टीम बंद झाली. टीम कंपनीची होती, निर्णय कंपनीचा. तक्रार कुणाकडे करणार?

आमच्या गावातल्या स्पर्धेचंच बघा. दरवर्षी टीमचं नाव बदलतं, जो जर्सी देईल त्याचं. मैदानावर वर्षातले निम्मे दिवस मांडव. पंधरा वर्षांपूर्वी फायनल जिंकलेल्या टीमचं नाव आज कुणाला आठवत नाही. मीच बातमी दिली होती, आणि मलाही कात्रण शोधावं लागलं.

जर्सी देणारा हवाच, तो काही शत्रू नाही. साप्रिसांनीही जर्सीच दिल्या होत्या. पण एकदा ठेवलेलं नाव आणि एकदा मिळवलेलं मैदान त्या लोकांनी सोडलं नाही.

तर त्या पोराला माझं उत्तर: टीम कागदावर मालकाची. मालक गेल्यावरही जे मैदानावर येतात, खरी टीम त्यांची.

तुमच्या गावातल्या सगळ्यात जुन्या टीमचं नाव आणि सुरू झाल्याचं साल खाली लिहा. मैदान आज कुणाच्या ताब्यात आहे तेही लिहा. यादी तयार झाली की पुढची पोस्ट त्यावरच.