वावराला लेव्हल, संडासाला 'चालतंय की'

आज पिकाचं नाही, संडासाचं लिहितोय. नाक मुरडू नका, पुरतं वाचा.

सरी सोडताना आपण उतार बघतो. दोन बोटं चुकलं तर पाणी कुठं तुंबणार, हे शाळेत न गेलेला माणूसबी सांगतो. लेझर लेव्हलरला तासाचं भाडं मोजतो. आणि घरात कमोड बसवताना? गवंडी म्हणतो, "फटीत पांढरं सिमेंट भरलं की झालं." आपण म्हणतो, "चालतंय की, संडासच तर हाय."

नाही चालत. आमच्याकडं असंच बसवलं. फरशी मागच्या बाजूला अर्धा इंच खाली होती. सहा महिन्यांत भरलेलं सिमेंट फुटलं, भांडं डुलायला लागलं, खालचा जोड सुटला, वास सुरू झाला. आईचे गुडघे गेलेत म्हणून कमोड घेतला होता. तीच त्यावर बसायला भ्यायला लागली. दिवसभर पाणी कमी प्यायची, का तर जायला नको. ही 'चालतंय की'ची किंमत.

एकट्या गवंड्याला शिव्या देऊ नका. त्याला उद्या दुसरं काम असतं. अनुदानाला फोटो लागतो, आणि फोटोत फरशीची लेव्हल दिसत नाही. पण समोर उभे आपण होतो ना?

कोण म्हणेल, बाथरूमला ढाळ लागतोच, मग लेव्हल कसली? ढाळ लागतो, पण नहाणीच्या जाळीकडं. 4 फुटांत अर्धा-पाऊण इंच पुरतो. कमोडच्या बुडाखालची जागा मात्र सपाटच पाहिजे.

आम्ही दुसऱ्यांदा केलं ते असं. भांडं काढलं, नळीच्या तोंडात कापड कोंबलं. पाणसळ उभी-आडवी ठेवून उंच-सखल बघितलं. उंचवटा छिन्नीनं उडवला. खोलगट भागातली फरशी काढून कोब्याला टाचे मारले, धुतलं, सिमेंटचं पाणी सोडलं आणि एकास चारचा माल भरून परत पाणसळ लावली. सात दिवस पाणी मारलं. मग कापड काढलं, भांडं नुसतंच ठेवून हलवून बघितलं. हललं नाही, तेव्हाच जोड केला आणि स्क्रू आवळले, तेबी बेतानं. जास्त आवळलं तर चिनी माती तडकते. शेवटी बादलीभर पाणी ओतलं, सगळं जाळीकडं गेलं.

खर्च किती? थोडं सिमेंट, थोडी वाळू आणि आठवडाभर कळ. तोडफोड केली नसती तर तेवढ्यातच भागलं असतं.

तेव्हा गवंडी पांढरं सिमेंट कालवायला लागला की त्याचा हात धरा. म्हणा, "दादा, आधी पाणसळ लावा." वावरात पाणी तुंबलं तर एक हंगाम जातो. इथं म्हातारं माणूस पडलं तर खुबा जातो.