फुकटचं काम, वेठ आणि जंगलातली शिबिरं

"वेबसाइट करून देतोस का? समाजाचं काम आहे, पैसे नाहीत." कॉम्प्युटर शिकलेल्या आपल्या पोरांना हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच. मीही ऐकलं आणि हो म्हणालो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना जंगलभ्रमंती, किल्ले सफाई, आकाशदर्शनाला नेणाऱ्या एका युवा गटाची वेबसाइट मी दोन वर्षं विनामोबदला सांभाळली. त्यावरून वस्तीतल्या जुन्या कार्यकर्त्यांची बोलणी खाल्ली. ती बोलणी चुकीची नव्हती, म्हणून हा लेख.

पहिला आक्षेप असा: "बापजाद्यांनी फुकट राबून हाडं झिजवली, तू लॅपटॉपवर तेच कर." हा टोमणा हसण्यावारी नेऊ नका, मित्रांनो. महार वतन म्हणजे नेमकं काय होतं? कामाला वेळेचं बंधन नाही, ठरलेला पगार नाही, रात्री-अपरात्री कुणीही बोलवावं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच गुलामीवर बोट ठेवून. पुढे संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतनं गेली.

पण वेठीचा काच फक्त पैसे न मिळण्यात नव्हता. नाही म्हणता येत नव्हतं, कामाला हद्द नव्हती आणि निर्णयात तोंड उघडायची मुभा नव्हती. याच कसोट्या मी माझ्या कामाला लावल्या आणि पहिल्या वर्षी तिन्हींवर नापास झालो. रात्री अकराला फोन: "बॅनर बदल." गिर्यारोहण शिकवणाऱ्याला मानधन, जीपवाल्याला भाडं, वेबसाइटवाल्याची मात्र 'सेवा'. मग मी लेखी कळवलं: महिन्याला सहा तास, त्यापुढे नाही, आणि बैठकीत मला मत हवं. थोडी कुरकुर झाली, पण मान्य झालं.

दुसरा आक्षेप: "ट्रेकिंग हे पोट भरलेल्यांचं खूळ. आपल्याला त्याचं काय?" इथे मात्र मी ठाम विरोधात आहे. महाडला १९२७ मध्ये प्रश्न फक्त तहानेचा नव्हता, सार्वजनिक जागेवरच्या हक्काचा होता. जंगलही तशीच जागा आहे. ताडोबाची सफारी ऑनलाइन बुक होते, जगभरातून लोक येतात. बफरमधल्या गावाचा पोरगा फार तर गाइड किंवा जिप्सीचा ड्रायव्हर म्हणून आत जातो. वाघ बघायला पैसे लागतात. मोहफुलं, तेंदूपत्ता वेचताना वाघाने गाठायला लागत नाहीत. आणि संधी मिळाली की काय होतं? मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले.

तर मग ही संधी कुणाला द्यायची, हे कोण ठरवतं? आमच्या गटात ते अर्धंअधिक नोंदणीचा फॉर्मच ठरवत होता, हे मला कोड उघडल्यावर कळलं. फॉर्म इंग्रजीत. ईमेल सक्तीचा, आश्रमशाळेतल्या मुलीकडे ईमेल कुठला? आडनावाचा रकाना सक्तीचा. आपल्याकडे आडनाव म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. कुणी जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही. पुण्या-मुंबईच्या कुठल्यातरी ट्रेकिंग ग्रुपचा फॉर्म उचलून आणला होता. जात अशीच येते, कुणी न बोलावता. मी फॉर्म मराठीत केला, आडनाव काढलं, ईमेल ऐच्छिक ठेवला आणि फोन स्वतःचा, शाळेचा किंवा शेजाऱ्याचा चालेल असं लिहिलं. पानावरचे जड फोटोही काढले. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, नेटवर्कचं काय सांगावं? सूचना माडियात रेकॉर्ड करून छोट्या फाइली टाकल्या. २०१७ पासून गोंडीची लिपी युनिकोडमध्ये आहे, पण आमच्या मुलांना कानाने ऐकलेलं अधिक कळतं.

मोठं भांडण फोटोंवरून झालं. देणगीदारांना दाखवायला आदिवासी मुलांचे चेहरे, नावं, गावं हवी होती. मी साफ नकार दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. पण कायदा नसता तरी मी नकारच दिला असता: गरिबीचं प्रदर्शन मांडून जमवलेल्या पैशात मुलाचा मान जातो. एक देणगीदार गेला. त्यावरून मला अजून ऐकवतात.

आणि एक. डोमेन एका दादांच्या खासगी ईमेलवर, पासवर्ड माझ्या डोक्यात. मीच नवा वतनदार व्हायला लागलो होतो! आता पासवर्ड तिघांकडे आहेत, कामाची मराठीतली वही आहे, आणि एटापल्लीकडच्या दोन मुली साइट चालवायला शिकत आहेत. त्यांना मानधन द्यावं, हा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडतोय. जीपवाल्याच्या भाड्याचा कागद सोबत नेणार आहे.

जय भीम.