राष्ट्रहित, पण कोणाचे?

परराष्ट्रधोरणात नीतीला स्थान नसते, तेथे केवळ राष्ट्रहित पाहायचे असते, असे अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. जणू नीतीची भाषा बोलणाऱ्या पूर्वीच्या पिढीला हिशेब कळतच नव्हता!

१९४६ सालचा हिशेब काढून पाहावा. दक्षिण आफ्रिकेतील स्मट्स सरकारने तेथील हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर व वास्तव्यावर निर्बंध लादणारा कायदा केला. त्याबरोबर लोकमताच्या रेट्याखाली हिंदुस्थान सरकारने त्या देशाशी व्यापार बंद केला. देश तेव्हा स्वतंत्रही झालेला नव्हता, आणि आपल्या एकूण निर्यातीपैकी सुमारे साडेपाच टक्के माल तिकडे जात असे. एवढी बाजारपेठ जाणूनबुजून सोडणे हा भाबडेपणा नव्हता. डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत विजयालक्ष्मी पंडित यांनी हा प्रश्न लढवला व ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव संमत झाला. व्यापारबंदी १९९३ पर्यंत टिकली. १९७४ मध्ये तर डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यावरही भारताने पाणी सोडले.

अर्थात शत्रूला नीती शिकवणे सोपे असते. कसोटी लागते ती मित्रापुढे. १९५६ साली सुएझवरील आक्रमणाचा निषेध करताना नेहरूंचा आवाज खणखणीत होता, हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरल्यावर तो अडखळला. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली तेथे निवडणुका घ्याव्यात, या मागणीच्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. जयप्रकाश नारायण यांनी तेव्हा नेहरूंवर जाहीर टीका केली, हे समाजवाद्यांनी तरी विसरू नये.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा आमसभेत भारत तटस्थ राहिला. युद्धापूर्वी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा नगण्य होता. २०२३ मध्ये तो एकतृतीयांशाच्या वर गेला. गरीब देशाने स्वस्त तेल का घेऊ नये, हा युक्तिवाद वजनदार आहे. पण त्या गरिबापर्यंत स्वस्ताई पोचली काय? एप्रिल २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत तेल कंपन्यांनी आपले पंपावरचे दर जवळजवळ गोठवून ठेवले होते. आधीचा तोटा भरून काढायचा होता, असे उत्तर मिळते. खाजगी शुद्धीकरण कारखान्यांतून बाहेर पडलेले डिझेल तर युरोपनेही विकत घेतले, म्हणजे उपदेश करणाऱ्यांचे हातही कोरडे नाहीत.

राष्ट्रहिताचा हवाला देणाऱ्यांनी या व्यवहारातील लाभ कोणाच्या पदरी किती पडला, याचा आकडेवार तपशील संसदेपुढे ठेवावा. तटस्थतेची कारणेही त्याच टिपणात यावीत.