परवान्यानंतरचा प्रश्न : पिस्तूल अंगावर बाळगायचे कसे?

आसाम सरकारने मे २०२५ मध्ये राज्याच्या दुर्गम आणि संवेदनशील भागांतील मूळ रहिवाशांना शस्त्र परवाने देण्याची विशेष योजना मंजूर केली. त्यानंतर ऑगस्टमध्ये त्यासाठीचे ऑनलाइन अर्ज खुले झाले. धुबरी, बारपेटा, मोरीगाव, नगाव, गोलपारा आणि दक्षिण सालमारा-मनकाचर हे जिल्हे या निर्णयाच्या केंद्रस्थानी आहेत. नागरिकांच्या हाती शस्त्र देण्याऐवजी पोलीस दल बळकट करावे, अशी टीका विरोधकांनी केली, तर असुरक्षित वातावरणात राहणाऱ्यांना स्वसंरक्षणाचे साधन हवे, असे समर्थन सरकारने केले. परवाना कोणाला द्यावा, याभोवतीच ही चर्चा फिरत राहिली. परवाना मिळालेल्या माणसाने भरलेले शस्त्र रोज अंगावर कसे वागवावे, याकडे दोन्ही बाजूंचे लक्ष गेलेले नाही.

भारतातील परवानाधारकाला निवडीला फारसा वावच नसतो. अमेरिकेत ज्या नऊ मिलिमीटर पिस्तुलांचा बाजार तेजीत आहे, तो व्यास आपल्याकडे निषिद्ध गटात मोडतो. परदेशी हातशस्त्रांची नागरी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे; म्हणूनच वडिलोपार्जित विलायती पिस्तुलांना आजही अवाच्या सवा किंमत येते. उरतात ती मुख्यतः पॉइंट ३२ व्यासाची देशी रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुले.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्यातून ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर बाजारात आले. सुमारे पाचशे ग्रॅम वजनाचे, सहा गोळ्यांचे हे शस्त्र महिलांच्या पर्समध्ये मावेल, अशी त्याची जाहिरात झाली. किंमत होती सव्वा लाखाच्या आसपास. मिळते ते दागिन्यांच्या पेटीसारख्या खोक्यात, यावरूनच ते कोणाला विकायचे होते हे कळावे. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने ‘प्रबल’ आणले. काडतुसे भरण्यासाठी रिव्हॉल्व्हर मध्यातून मोडून उघडण्याची जुनी पद्धत सोडून त्याचे काडतुसांचे चक्र बाजूला उघडते. वजन सुमारे सातशे ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर.

या सर्व विक्रीत हलकेपणा हा सर्वांत मोठा गुण म्हणून पुढे केला जातो. वागवण्याच्या दृष्टीने तो गुण खराच. कमरेला किलोभर लोखंड बांधून दिवसभर खुर्चीत बसणे सोपे नाही, आणि जड शस्त्र शेवटी घरच्या कपाटात पडून राहते. पण शस्त्र जितके लहान, तितके ते चालवणे कठीण. नळी आखूड झाली की नेमसाधनांमधील अंतर घटते आणि हाताची किंचित चूकही लक्ष्यावर मोठी होते. वजन कमी झाले की धक्का अधिक जाणवतो. मूठ लहान असेल तर करंगळीला आधार उरत नाही. घोडा आधी न ओढता थेट चाप दाबायचा, तर रिव्हॉल्व्हरचा चाप लांब आणि जड असतो. सरावाविना त्या झटक्यात नेम हमखास ढळतो. सरावासाठी काडतुसे हवीत. ती तर परवान्यावर मोजूनच मिळतात. तेव्हा नवख्याने दुकानात सर्वांत लहान नगाकडे बोट दाखवण्यापूर्वी तो मुठीत पूर्ण बसतो का, बोटाचे पहिले पेर चापावर नीट पोहोचते का, एवढे तरी पाहावे.

याहून दुर्लक्षित वस्तू म्हणजे होल्स्टर. लाख-दीड लाखाचे रिव्हॉल्व्हर घेणारा माणूस त्यासाठी बाजारातून मऊ कातड्याची स्वस्त पिशवी घेतो आणि समाधान मानतो. वास्तविक होल्स्टरचे पहिले काम शस्त्र लपवणे हे नाही, चाप झाकणे हे आहे. चापाभोवतीची कडी टणक आवरणाने पूर्ण झाकलेली असेल तर सदऱ्याचे टोक, किल्ली किंवा लहान मुलाचे बोट आत शिरू शकत नाही. दुसरे काम शस्त्र धरून ठेवण्याचे. धावताना, वाकताना, दुचाकीवरून उतरताना ते निसटता कामा नये. तिसरी बाब तोंडाची. शस्त्र बाहेर काढल्यावर मऊ होल्स्टरचे तोंड मिटते आणि ते परत घालताना दुमडलेले कातडे चापात अडकू शकते. पर्समध्ये किल्ल्या, मोबाइल आणि लिपस्टिकसोबत मोकळे टाकलेले रिव्हॉल्व्हर तर या तिन्ही कसोट्यांवर नापास होते. ज्या जाहिरातींनी पर्सचे चित्र रंगवले, त्यांनी पर्समधील स्वतंत्र, टणक कप्प्याविषयी बोलायला हवे होते.

हा धोका केवळ नवख्यांपुरता नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा आपल्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागून जखमी झाले. ते कपाटात ठेवताना हातातून निसटले, असे तेव्हा सांगण्यात आले. जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर नसतो. शस्त्र घोड्यावर पडले तर गोळी सुटू शकते. म्हणून घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची रीत पूर्वापार आहे. सहा गोळ्यांचे शस्त्र पाचच गोळ्यांनिशी बाळगणे अनेकांना तोट्याचे वाटते, ही गोष्ट वेगळी.

कायदा याबाबत मूक नाही. शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र नेताना ते होल्स्टरमध्ये किंवा तत्सम आवरणात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या नियंत्रणात असावे लागते. याच नियमांत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या उत्सवी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा ठेवली. तरीही लग्नाच्या वरातीत कमरेचे पिस्तूल सर्वांना दिसेल असे मिरवणारे उत्तर भारतात आजही आढळतात. ज्या देशात झाकणे सक्तीचे, तिथे दाखवणे प्रतिष्ठेचे झाले आहे.

अमेरिकेचा प्रवास उलट्या दिशेने झाला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कची ‘विशेष कारण दाखवा’ ही अट रद्द केली, आणि आता निम्म्याहून अधिक राज्यांत प्रौढांना लपवलेले पिस्तूल बाळगण्यासाठी परवानाच लागत नाही. आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क नाही; राज्ययंत्रणा अर्जदाराला असलेला धोका, त्याची पार्श्वभूमी आणि पोलिसांचा अहवाल तपासते. त्यामुळे परवाना देणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी येथे अधिक आहे. प्रत्यक्षात तिची चौकशी अर्जदाराच्या चारित्र्यापाशी थांबते. त्याच्या हाताची परीक्षा बहुधा कागदावरच राहते.

आसामच्या योजनेची कसोटी इथेच लागेल. ब्रह्मपुत्रेच्या चरांवर पावसाळ्याचे कित्येक महिने सर्वत्र ओल असते. काडतूस दमट होते, लोखंड गंजते, आणि कातडी होल्स्टरमध्येच ठेवलेल्या शस्त्राला गंज अधिक लवकर चढतो. अशा ठिकाणी परवान्यासोबत जवळचे सराव केंद्र, ठरावीक मुदतीने शस्त्रतपासणी आणि घरात कुलूपबंद पेटीची सक्ती असेल का, हे त्या जिल्ह्यांतील प्रशासनाला पहिला परवाना देण्यापूर्वीच सांगता आले पाहिजे.