फूटपट्टी आणि चकवा

आमचा एक माजी विद्यार्थी बरीच वर्षे न्यू जर्सीत असतो. अकरावी-बारावीला तो आमच्याकडे मराठी शिकला, पुढे अभियांत्रिकीकडे गेला आणि यथावकाश अमेरिकन फुटबॉलच्या नादी लागला. आम्हा दोघांना या खेळाची गोडी त्यानेच लावली. हे ऋण प्रारंभीच मान्य केलेले बरे, कारण पुढे त्याच्याशी भांडायचे आहे.

दरवर्षी एप्रिल आला की त्याचे लांबलचक पत्र येते. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये कोणता महाविद्यालयीन खेळाडू कितव्या क्रमांकावर उचलला जाईल, कोणाची उंची दोन इंचांनी कमी पडते, कोणाचे पाय जड आहेत, याची भाकिते त्यात असतात. पंचांगकर्त्याच्या गांभीर्याने ती केलेली असतात आणि पंचांगाप्रमाणेच ती चुकली तरी पुढल्या वर्षी नवी आवृत्ती निघते. यंदाच्या पत्रात मात्र त्याने एक विधान भर घातल्यासारखे केले आहे. ट्रिक प्ले, म्हणजे चकव्याचे डाव, हा त्याच्या मते निव्वळ सर्कशीचा प्रकार. ज्यांच्यापाशी गुणवत्ता नाही त्यांनी गुणवंतांची केलेली ती फसवणूक. खरा फुटबॉल म्हणजे अधिक बलवान, अधिक वेगवान माणसाने कमी बलवान माणसाला सरळ मार्गाने मागे रेटणे. आणि तो माणूस कोण हे ड्राफ्ट शास्त्रशुद्ध पद्धतीने आधीच ठरवून देतो. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलाने हे लिहावे याची गंमत वाटली. पण ते असो.

ड्राफ्टवरची श्रद्धा आणि चकव्याविषयीचा तिटकारा ही त्याला दोन स्वतंत्र मते वाटतात. आमच्या लेखी ते एकच मत आहे, आणि ते चुकीचे आहे.

ज्यांना या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे. चेंडू लंबगोल. हल्ला करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नात सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो, सहसा क्वार्टरबॅककडे. मग क्वार्टरबॅक तो फेकतो किंवा धावणाऱ्याच्या हाती सोपवतो. झेलणारे ते रिसीव्हर. ही कामांची वाटणी वर्णव्यवस्थेइतकी पक्की असते, आणि फेकणारा फेकील, झेलणारा झेलील या गृहीतकावर समोरचा संघ आपला बचाव रचतो. चकव्याचा डाव या गृहीतकालाच हात घालतो.

आता 4 फेब्रुवारी 2018 चा सामना पाहू. मिनिआपोलिस येथील सुपर बोल, फिलाडेल्फिया ईगल्स विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रियट्स. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती आणि आम्हा दोघांचाही पहिला तास होता. तो कसा घेतला हे न विचारलेले बरे. पूर्वार्ध संपायला 38 सेकंद उरलेली, ईगल्स 15-12 असे पुढे, चौथा प्रयत्न, रेषा एक यार्डावर. शहाणपण सांगत होते की किक मारून तीन गुण घ्यावेत. क्वार्टरबॅक निक फोल्स काही सांगण्याच्या मिषाने उजवीकडच्या सहकाऱ्याकडे सरकला. तेवढ्यात सेंटर जेसन केल्सीने चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे दिला. क्लेमेंट डावीकडे धावला आणि उलट दिशेने येणाऱ्या ट्रे बर्टनच्या हाती त्याने तो टाकला. बर्टनने तो फेकला आणि एंडझोनमध्ये एकट्या पडलेल्या फोल्सने तो झेलला. सामना ईगल्सने 41-33 असा जिंकला. त्या डावाला पुढे ‘फिली स्पेशल’ हे नाव मिळाले.

आमच्या विद्यार्थ्याने हा डाव शंभरदा पाहिला असेल. पण ज्या याद्या तो एप्रिलमध्ये एवढ्या भक्तीने वाचतो, त्यांच्याशी हा डाव त्याने एकदा तरी ताडून पाहावा. केल्सी 2011 च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत, 191 वा. क्लेमेंटला 2017 मध्ये कोणीच घेतले नव्हते. बर्टनला 2014 मध्ये कोणीच घेतले नव्हते. फोल्स 2012 मध्ये तिसऱ्या फेरीत, 88 वा, आणि त्या हंगामात मुळात राखीव. ज्याच्यासाठी संघाने मोठी किंमत मोजून 2016 च्या ड्राफ्टमधला दुसरा क्रमांक मिळवला होता तो कार्सन वेन्ट्झ गुडघा दुखावल्यामुळे मैदानाच्या कडेला उभा होता. ईगल्सच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा क्षण घडला तेव्हा चेंडूला चार माणसांचे हात लागले, आणि त्यांतले दोघे तर ड्राफ्टच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते.

समोर कोण होता? टॉम ब्रेडी, 2000 च्या ड्राफ्टमध्ये 199 वा. त्याच सामन्यात, या डावाच्या आधी, पेट्रियट्सनेही असाच चकवा योजला होता. डॅनी अमेंडोलाने, जो 2008 मध्ये ड्राफ्टबाहेर राहिला होता, चेंडू ब्रेडीकडे फेकला आणि ब्रेडीच्या हातून तो निसटला. चकवा म्हणजे हमखास लबाडीचे यश, असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. चेंडू झेलावाच लागतो. त्यात कोणाला फसवता येत नाही.

आता फसवणुकीच्या आरोपाकडे वळू. ट्रे बर्टन फ्लोरिडा विद्यापीठात दाखल झाला तो क्वार्टरबॅक म्हणून. तिथे त्याला नाना जागी खेळवले गेले आणि व्यावसायिक खेळात तो ‘टाइट एंड’ या कप्प्यात गेला. त्याला फेकता येते हे काही गुपित नव्हते. समोरचा संघ फसला तो बर्टनच्या खोटेपणामुळे नव्हे. त्याच्या नावापुढे जे लेबल होते त्यावर त्यांनी विश्वास ठेवला म्हणून. लेबल खोटे होते, माणूस खरा होता. तीन वर्षांपूर्वी, जानेवारी 2015 मध्ये, पेट्रियट्सच्या ज्युलियन एडेलमनने बाल्टिमोरविरुद्ध 51 यार्डांचा टचडाउन पास फेकला तेव्हाही हेच झाले. एडेलमन केंट स्टेटचा क्वार्टरबॅक, 2009 मध्ये सातव्या फेरीत घेतला गेला आणि रिसीव्हर झाला. ज्या विद्येला बाजारात भाव मिळाला नाही ती अंगात तशीच राहिली होती. चकव्याचा डाव हा त्या पडून राहिलेल्या विद्येला मिळालेला एक मिनिटाचा न्याय आहे.

या पडीक विद्येच्या तळाशी एक काळी गोष्टही आहे, आणि ती टाळून ड्राफ्टचे गोडवे गाणे आम्हाला जमत नाही. 1968 साली मार्लिन ब्रिस्को डेन्व्हरच्या संघात क्वार्टरबॅक म्हणून उतरला. मूळ निवड चौदाव्या फेरीत, तीही बचावातल्या जागेसाठी. त्या हंगामात त्याने 14 टचडाउन पास फेकले. पुढल्या वर्षी त्याला ती जागा पुन्हा मिळाली नाही, तो बफेलोला गेला आणि रिसीव्हर झाला. तो कृष्णवर्णीय होता, आणि कृष्णवर्णीयाने धावावे, झेलावे, पण नेतृत्व व विचार करण्याच्या जागी उभे राहू नये, असा अलिखित नियम तेव्हा होता. वॉरन मूनला 1978 मध्ये कोणीही निवडले नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनला सलग पाच वेळा ग्रे कप जिंकून दिला, मगच अमेरिकेला त्याचे हात दिसले. हे जुने झाले म्हणावे, तर 2018 साली लमार जॅक्सनने रिसीव्हर व्हावे असा जाहीर सल्ला बिल पोलियनसारखा नावाजलेला जुना व्यवस्थापक देत होता. जॅक्सन क्वार्टरबॅक म्हणूनच उभा राहिला. त्याच्या आधी चार क्वार्टरबॅक उचलले गेले (त्यांत जॉश ॲलन होता, तो थोर निघाला, हे प्रांजळपणे नोंदवतो) आणि जॅक्सन पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, 32 वा. 2019 चा सर्वोत्तम खेळाडू तो एकमताने ठरला.

चकव्याची परंपराही याच अंगाने वाचता येते. 1903 साली हार्वर्डविरुद्ध कार्लाइल शाळेच्या संघाने चेंडू चार्ल्स डिलन या खेळाडूच्या जर्सीत पाठीमागे लपवला आणि डिलन संपूर्ण मैदान ओलांडून गेला. सामना अखेर हार्वर्डनेच 12-11 असा जिंकला, पण बोभाटा झाला तो या ‘लबाडी’चा. कार्लाइल म्हणजे कोण? आदिवासी अमेरिकन मुलांना घरापासून तोडून, केस कापून, मातृभाषा बोलायला बंदी करून ‘सुधारण्या’साठी 1879 मध्ये काढलेली निवासी शाळा. त्या मुलांनी एक चेंडू सदऱ्यात लपवला तर केवढा नैतिक क्षोभ! आणि 1906 साली नियमात आलेला फॉरवर्ड पास, ज्याच्यावाचून आजचा फुटबॉल कल्पिता येत नाही, तोही अनेक जुन्या जाणत्यांना भ्रष्टाचारच वाटला होता. त्याचा मोठा उपयोग 1907 मध्ये करून दाखवणाऱ्यांत कार्लाइलच होते.

याउलट ड्राफ्टचा जन्म 1936 चा, फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलातला. कल्पना बर्ट बेल यांची, जे स्वतः तळाला गेलेल्या ईगल्सचे मालक होते. शेवटच्या संघाने आधी निवडावे, ही वरकरणी समतेची कल्पना. पण ती मालकांमधली समता. खेळाडूचा आपला धनी निवडण्याचा हक्क तिने काढून घेतला. त्या पहिल्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू जे बर्वांगर एनएफएलचा एकही सामना खेळला नाही, ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

आजही होतकरूंना इंडियानापोलिसला नेऊन मोजतात. 40 यार्डांची धाव, 225 पौंडांचे वजन किती वेळा उचलतो, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजा किती इंच. बुद्धी मोजण्यासाठी बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची एक चाचणीही असे. 2022 पासून ती बंद झाली. त्याच वर्षी 262 खेळाडूंच्या यादीत सर्वांत शेवटी ब्रॉक पर्डीचे नाव आले. फेब्रुवारी 2024 च्या सुपर बोलमध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक होता. त्या सामन्यात त्याच्या संघाने चकवा केला तो जुआन जेनिंग्सकडून, जो सातव्या फेरीतला रिसीव्हर आणि शाळेत असताना क्वार्टरबॅक होता. त्याच्या पासवर टचडाउन झाला. सामना मात्र ते 25-22 असा हरले. आम्ही काही चकव्याला रामबाण म्हणत नाही.

फसलेले चकवे आम्हीही पाहिले आहेत. ऑक्टोबर 2015 मध्ये इंडियानापोलिसच्या संघाने पेट्रियट्सविरुद्ध जवळजवळ सगळे खेळाडू एका बाजूला पाठवून दोघांनाच चेंडूपाशी ठेवले. समोरचा संघ जागचा हलला नाही, तरीही चेंडू मागे दिला गेला आणि जे व्हायचे ते झाले. ते हास्यास्पद होते, कारण त्यामागे अभ्यास नव्हता. फिली स्पेशलमागे तो होता. त्याच स्टेडियममध्ये 1 जानेवारी 2017 ला शिकागोच्या संघाने मिनेसोटाविरुद्ध तोच डाव खेळला होता. ईगल्सचे एक साहाय्यक प्रशिक्षक असे डाव जमवून ठेवत, त्यांच्या संग्रहातून तो उचलला गेला, घोटला गेला आणि योग्य घडीपर्यंत झाकून ठेवला गेला. खेळाडूंची रचना काटेकोर नियमात बसत नव्हती असा आक्षेप नंतर आला, त्यात तथ्यही असेल. पण याला अडाण्यांची युक्ती म्हणणाऱ्याने जुन्या ग्रंथांचे संदर्भ शोधण्याचे काम कधी केलेले नसावे.

हे लिहिताना आम्हालाही थोडे अवघडल्यासारखे झाले आहे. या विद्यार्थ्याने अकरावीत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर छत्रीच्या तोंडून एक निबंध लिहिला होता. छत्री दिवसभर घरी खुंटीला टांगलेली असते आणि पाऊस फक्त ऐकते. विषयाला धरून नाही, वर्णन नाही, समारोप नाही, असे शेरे मारून आम्ही त्याला वीसपैकी सात गुण दिले. तपासणीचा नमुना आमच्या पुढ्यात होता आणि नमुन्यात छत्री नव्हती. त्यानंतर त्याने तसे काही लिहिले नाही. बारावीला मराठीत त्याला उत्तम गुण पडले. तेव्हा फूटपट्टीवरचा विश्वास त्याने न्यू जर्सीत जाऊन कमावला असे म्हणायची सोय आम्हाला नाही.

त्याला उत्तर म्हणून हेच पत्र पाठवणार आहोत. मागे एकदा त्याने एक छायाचित्र धाडले होते. फिलाडेल्फियाच्या मैदानाबाहेर सप्टेंबर 2018 मध्ये त्या डावाचा पुतळा उभारला गेला. त्यात प्रशिक्षक डग पीडरसन आहेत आणि त्यांच्याशी तो डाव ठरवणारा फोल्स आहे. पुतळ्याशेजारी आमचा विद्यार्थी हसत उभा आहे. बर्टन आणि क्लेमेंट त्या चौथऱ्यावर नाहीत.