अंतर कशाने मोजावे?

‘विज्ञानाने जग जवळ आणले,’ या वाक्याने आपण निबंधाची सुरुवात करतो. मीही ते अनेकदा लिहिले आणि गुण मिळवले. पण गेल्या वर्षी जूचंद्रात आमच्या आळीतले एक काका पहाटे वारले. मुलगा न्यूयॉर्कला. त्याने मिळेल ते विमान धरले, तरी तो दारात आला तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. अग्नी पुतण्याने दिला. तेव्हापासून ते वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला पंधरा-सोळा तास पुरतात. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. १९६० साली बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागले, तेही लंडनवरून. ही प्रगती नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

परंतु अंतर आणि वेळ यांचे नाते शाळेतल्या गणिताइतके सरळ नाही. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट हजाराहून अधिक किलोमीटरने वाढली, तरी वेळ वाचला. कारण उंचावरचे पश्चिमी वारे पाठीशी आले. याउलट एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. शहरे जागच्या जागी होती. लांबला तो प्रवास.

शिवाय हे सारे तास केवळ आकाशातले. रजा मिळणे, तिकिटाचे पैसे उभे करणे, वाटेत विमान बदलणे, हे कोणत्या वेळापत्रकात असते? मुंबईचा विमानतळ आमच्यापासून जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर. पण महामार्गावर वाहने तुंबली की तेवढ्यालाही दोन-अडीच तास लागतात. चंडिकादेवीच्या डोंगरावरून विमानांचे दिवे दिसतात, म्हणून ती जवळ आहेत असे नव्हे.

माझ्या वर्गातले काही मित्र परदेशी जाण्याची स्वप्ने पाहत आहेत. त्यांनी जरूर जावे. फक्त आईवडिलांना ‘एका दिवसात येईन’ असा शब्द देऊ नये. अंतर विमानतळ ते विमानतळ न मोजता उंबरठा ते उंबरठा मोजावे आणि तो हिशेब घरात बसून आधीच मांडावा. आपल्या माघारी धावून येणारे कोण, हेही त्यातच लिहावे. काकांचा पुतण्या शेजारच्या आळीतून पाच मिनिटांत चालत आला होता.

‘जग जवळ आले’ हे वाक्य मी यापुढेही लिहीन. मात्र पूर्णविरामाच्या जागी ‘पण’ लिहून.