बुद्ध सगळ्या वर्गाचे होऊ द्या

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे



नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्राथमिकची पुस्तकं पुन्हा लिहिली जात आहेत. ती लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी ते पाचवीच्या मुलांना गौतम बुद्धांविषयी आपण काय आणि कसं सांगतो, याबद्दल मला तुमच्याकडे काही मागायचं आहे.

आधी शाळेचं वर्ष पाहा. बुद्धपौर्णिमा वैशाखात येते, तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. लाखो माणसं नागपूरच्या दीक्षाभूमीवर जातात ती दसऱ्याला, तेव्हाही सुट्टी. राहते बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. तीही वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, आणि तिथे बुद्ध येतात ते भाषणातल्या एका वाक्यात: १९५६ साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ज्यांचा धम्म घेतला ते कोण होते, काय सांगत होते, हे त्या वाक्यात मावत नाही. सहावीच्या इतिहासात बुद्ध येतात, पण तोवर मूल अकरा वर्षांचं झालेलं असतं आणि बुद्ध ‘कुणाचे’ हे गल्लीत शिकून आलेलं असतं.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. वर्गात बुद्धांचं नाव निघालं की माना दोन-चार मुलांकडे वळतात. त्यांतलं एखादं ताठ बसतं, एखादं वहीत डोकं घालतं. बाकीची मुलं सैलावतात, कारण हा आपला धडा नव्हे असं त्यांनी धरलेलं असतं. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांतले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. संध्याकाळी विहारात वंदना म्हणणारी, पावसाळ्यात वर्षावासाच्या (भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामाच्या) ग्रंथवाचनाला आजीच्या मांडीवर बसणारी मुलं आपल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्यातल्या शाळांत आहेत. त्यांना आपलं घर पुस्तकात दिसलं पाहिजे. पण माझी मागणी तेवढ्यावर थांबत नाही. बुद्ध त्या मुलांचे तर आहेतच, शेजारच्या बाकावरच्या मुलांचेही आहेत, आणि याचा पुरावा आपल्या डोंगरांत कोरलेला आहे.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. शाळांच्या सहली लेण्याद्रीला जातात, मुलं पायऱ्या चढून गिरिजात्मजाचं दर्शन घेतात. ते मंदिर ज्या दालनात आहे तो बौद्ध विहार आहे आणि अगदी शेजारी चैत्यगृह आहे, स्तूपासह. तिथे मुलं डोकावतात आणि पुढे जातात, कारण काय पाहायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. कार्ल्याला एकवीरा आईच्या देवळासमोर तसंच होतं. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत! आणि तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. धेनुकाकट गावचा एक सुतार आहे, सुगंधी द्रव्यं विकणारा गांधिक आहे, दूरदेशीचे यवन आहेत, भिक्षुणीही आहेत. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा, म्हणजे व्यवसाय-संघांचा, उल्लेख आहे. ही लेणी राजांनी एकट्याने केली नाहीत, कारागिरांनी, व्यापाऱ्यांनी, बायाबापड्यांनी मिळून केली. पुढे त्यांची मुलंबाळं कोणत्या देवाला गेली, कोणत्या जातीत मोजली गेली, ते कुणी सांगू शकत नाही. आज वर्गात बसलेल्या कुठल्याही मुलाचा खापरपणजा त्यांत असू शकेल. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आपण जिल्हावार काढत आला आहात, ही फार मोलाची सोय आहे. नाशिकच्या मुलांना त्रिरश्मी लेणी, मुंबईच्या मुलांना कान्हेरी आणि तिथली पाण्याची टाकी, पालघरच्या मुलांना सोपाऱ्याचा स्तूप, छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना अजिंठा-वेरूळ, रायगडच्या मुलांना कुडा. प्रत्येक जिल्ह्याच्या पुस्तकात जवळचं एक ठिकाण आणि तिथल्या एका दात्याचं नाव द्या. मुलं ते विसरणार नाहीत.

आता गोष्टींबद्दल. लहान मुलांना बुद्ध सांगायचे म्हणजे पांढरा हत्ती, राजवाडा आणि चार दृश्यं (म्हातारा, आजारी, मृत, संन्यासी), अशी आपली सवय आहे. मला ती बदलायला हवी असं वाटतं. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा किंवा आजारी माणूस पाहिला नव्हता, हे आठ वर्षांच्या मुलालाही पटत नाही. ते विचारतंच, ‘त्यांचे आजोबा नव्हते का?’ हाच प्रश्न बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत उभा केला आहे. त्याआधी आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी पाली ग्रंथ तपासून दाखवलं की चार दृश्यांची कथा मुळात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाबद्दल आहे. दोघांनीही गृहत्यागाची मुळं शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणात शोधली. बाबासाहेबांच्या ग्रंथात तरुण सिद्धार्थ शाक्यांच्या संघात उभा राहून युद्धाला विरोध करतो. तो सुचवतो की दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसं निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. ठराव बहुमताने पडतो. पाण्याच्या पाळीवरून बांधावर झालेली भांडणं आमच्या मुलांनी पाहिलेली असतात. त्यांना ही गोष्ट सांगा, मग वर्गात नुसतं ऐकणं राहत नाही, मुलं बोलायला लागतात. चार दृश्यांची कथाही असू द्या, ती शतकानुशतकं माणसांनी मनात जपली आहे. पण दोन्ही कथा शेजारी ठेवा आणि मुलांना विचारू द्या.

आणि राहुल, बुद्धांचा मुलगा. तुमच्या नव्या पुस्तकात बुद्धांचा एकच पाठ बसणार असेल तर तो राहुलचा असावा, अशी माझी विनंती आहे. अट्ठकथेच्या, म्हणजे जुन्या पाली भाष्याच्या, परंपरेप्रमाणे या पाठातल्या प्रसंगी राहुल सात वर्षांचा होता, म्हणजे आमच्या दुसरी-तिसरीच्या मुलाएवढा. बुद्ध त्याच्याकडे येतात, तो आसन मांडतो, पाय धुवायला पाणी ठेवतो. पाय धुऊन झाल्यावर बुद्ध भांड्यात थोडं पाणी ठेवतात आणि त्याला दाखवतात: जाणूनबुजून खोटं बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याच्याजवळ चांगुलपण एवढंच उरतं. मग ते पाणी फेकून देतात. मग भांडं पालथं घालतात. मग रिकामं भांडं दाखवतात. प्रत्येक वेळी राहुलला विचारतात, दिसलं का? पुढे आरसा कशासाठी असतो ते विचारतात आणि सांगतात की काहीही करण्याआधी, करताना आणि केल्यावर स्वतःला पाहावं: याने मला, दुसऱ्याला की दोघांनाही त्रास होईल? चूक झालीच असेल तर ती जाणत्या माणसाला सांगावी. कोणत्याही डी.एड.च्या पुस्तकात यापेक्षा चांगलं पाठ टाचण मी पाहिलेलं नाही. राजस्थानातल्या बैराटजवळ सापडलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने भिक्षू, भिक्षुणी आणि सामान्य उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत अशा सात पाठांची नावं दिली आहेत. त्यांत राहुलला खोटं बोलण्याविषयी केलेला हा उपदेश आहे.

राहुलचं नाव काढलं की एक अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळू नका. ‘म्हणजे त्याचे बाबा त्याला सोडून गेले होते?’ ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं ज्या वर्गात बसतात तिथे हा प्रश्न हलका नसतो. शिक्षकाच्या हातात उत्तर हवं, आणि ते विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांच्या ग्रंथात, आहे. बुद्ध कपिलवस्तूला परत आले, राहुल वारसा मागायला त्यांच्यामागे गेला आणि त्याला प्रव्रज्या, म्हणजे भिक्षुजीवनाची दीक्षा, देण्यात आली. तेव्हा आजोबा शुद्धोदन दुःखाने म्हणाले की हे आईबापांच्या काळजाला कापत जातं, यापुढे त्यांच्या परवानगीवाचून कुणा मुलाला प्रव्रज्या देऊ नका. बुद्धांनी ते ऐकलं आणि तसा नियम केला. एका म्हाताऱ्या बापाचं दुःख ऐकून नियम करणारा गुरू मुलांना फार जवळचा वाटतो.

बुद्धांमुळे बदललेल्या दरोडेखोर अंगुलिमालाची कथा मात्र प्राथमिकला नको. बोटांच्या माळेपलीकडे त्या वयात काही पोहोचत नाही. आजारी भिक्षूला स्वतः आंघोळ घालणारे बुद्ध चालतील. न्हावी उपाली आधी आणि शाक्य राजकुमार नंतर दीक्षा घेतात, कारण राजकुमारांना आपला अभिमान मोडायचा होता, ही गोष्ट चौथीत जरूर द्या. पाचवीत १४ ऑक्टोबर १९५६ द्या, कारणासह. बाबासाहेबांनी हा धम्म का निवडला हे जातीचं नाव न घेता सांगता येत नाही, आणि दहा वर्षांचं मूल ते नाव रोज ऐकत असतं.

कुणी म्हणेल, सरकारी शाळेत धर्म कशाला? पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास संविधानाचं कलम २८ मनाई करतं, आणि ती योग्यच आहे. मुलांकडून त्रिशरण म्हणवून घ्यावं असं मी म्हणत नाही. पण धर्मांविषयी माहिती देणं आणि धर्मशिक्षण देणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात मान्य केलं आहे. राज्याने शाळांमध्ये ‘मित्र’ उपक्रमातून आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याचं ध्यान, नेलं, तेही चांगलं झालं. मुलं दहा मिनिटं शांत बसतात. मात्र त्याने बुद्ध शिकवून झाले असं समजू नये.

शिक्षक हस्तपुस्तिकेवर थोडी जास्त मेहनत घ्या, ही शेवटची मागणी. ‘बुद्ध देव होते का?’ हे वर्गात हमखास विचारलं जातं आणि अनेक शिक्षक गडबडतात. त्यांनी स्वतःला देव म्हटलं नाही आणि आपलं म्हणणंही पारखून घ्यायला सांगितलं, एवढं ठाम उत्तर छापून द्या. पाठ शिकवताना कुठल्याही मुलाला ‘तू सांग, तुमच्यात कसं करतात’ म्हणून उभं करू नये, हेही लिहा. आषाढी पौर्णिमेला शाळा भरलेली असते, आपण गुरुपौर्णिमा साजरी करतो. बौद्ध परंपरेत सारनाथचा पहिला उपदेश त्याच दिवशीचा मानला जातो आणि वर्षावास तिथूनच सुरू होतो. त्या दिवशी परिपाठात राहुलची गोष्ट सांगावी, अशी सूचना पुस्तकातच द्या. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, वेगळी सुट्टी लागत नाही.

पुस्तक एकदा छापलं की पुढची कितीतरी वर्षं तेच चालतं. या खेपेला राहुलचा पाठ तिसरीत घ्या.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका